जपानी ‘बायकांची भाषा’ शोधायला निघण्याआधी: भाषा आणि लिंगभाव संशोधनाच्या दहा पायऱ्या

दरवर्षी दिवाळीनंतर माझ्याकडे दोन-चार सिनॉप्सिस वाचायला येतात. त्यांतल्या एकीचं तरी शीर्षक ‘जपानी स्त्री-पुरुषांच्या भाषेतील फरक’ असतंच. आत तीन रकान्यांचा तक्ता. पहिल्यात बायकांचे म्हणून आताशी (‘मी’), काशिरा, वा, नोयो (हे वाक्याच्या टोकाला लागणारे). दुसऱ्यात पुरुषांचे म्हणून ओरे (हाही ‘मी’), झो, झे. तिसऱ्यात दोघांनाही चालणारं. पुढची योजना अशी: दहा-बारा अनिमे मालिका बघायच्या, तक्त्यातले शब्द मोजायचे, आलेख काढायचा आणि शेवटी लिहायचं की जपानी स्त्रिया मृदू बोलतात.

लिहिणारी मुलं हुशार असतात, जपानी भाषेच्या जेएलपीटी परीक्षेची एन-टू पातळी पास झालेली असतात, कष्टही घेतात. पण तक्ता आधी तयार होतो आणि माणसं नंतर शोधली जातात, तिथेच घोडं अडतं. पुढच्या पायऱ्या त्यासाठी. क्रम बदलू नका. पाचवी पायरी सहावीनंतर केली, तर सहावीचं सगळं काम फुकट जातं.

पायरी १: दोन वह्या करा

खरंच दोन वह्या आणा. पहिलीवर लिहा, ‘लोक बोलण्याबद्दल काय म्हणतात’. दुसरीवर, ‘लोक काय बोलतात’. यापुढे हाताला लागलेली प्रत्येक गोष्ट या दोनपैकी एकाच वहीत जाईल.

पाठ्यपुस्तकातला तक्ता? पहिली वही. शिष्टाचाराची पुस्तकं, ‘हल्लीच्या मुली काय भाषा बोलतात’ अशी आजीबाईंची तक्रार, अनिमेतले संवाद, कादंबऱ्या, जाहिराती? सगळं पहिल्या वहीत. जपानचं सांस्कृतिक व्यवहार खातं, म्हणजे बुंकाचो, १९९५ पासून दरवर्षी भाषेविषयी लोकमत पाहणी करतं. तिच्यात टक्केवारी असते म्हणून ती दुसऱ्या वहीत ढकलायचा मोह होतो. ढकलू नका. ‘तुम्ही असं बोलता का?’ या प्रश्नाला माणसानं दिलेलं उत्तर हे त्याचं स्वतःबद्दलचं मत असतं.

दुसऱ्या वहीत फक्त प्रत्यक्ष बोलण्याचं रेकॉर्डिंग आणि त्याच्या नोंदी. सुरुवातीचे कित्येक महिने ती कोरीच राहील, घाबरू नका.

पहिली वही कमी प्रतीची आहे असं मुळीच नाही. बायकांनी कसं बोलावं याबद्दल समाज काय म्हणत आला, हा स्वतंत्र आणि फार रसाळ विषय आहे. नाकामुरा मोमोको आणि इनोउए मियाको या अभ्यासकांनी त्यावरच मोठं काम केलं आहे. प्रश्न ठरवण्याआधी दोघींना वाचून काढा. एकच उदाहरण देतो. कादंबरीकार ओझाकी कोयो यांनी १८८८ मध्ये शाळकरी मुलींच्या ‘तेयो’, ‘दावा’ अशा वाक्यशेवटांवर टीका केली होती. त्यांच्या लेखी ते हलक्या दर्जाचं बोलणं होतं. तेच ‘दावा’ आज तुमच्या तक्त्यात घरंदाज स्त्रीचं लक्षण म्हणून बसलेलं आहे.

अनिमेबद्दलही इथेच सांगून टाकतो. पांढऱ्या दाढीचा शास्त्रज्ञ स्वतःला ‘वाशी’ म्हणतो, श्रीमंत घरची मुलगी ‘देसुवा’ म्हणते. पात्र ओळखू यावं म्हणून ठरून गेलेल्या या बोलीला भाषाभ्यासक किन्सुइ सातोशी यांनी ‘याकुवारीगो’ असं नाव दिलं. भूमिकेची भाषा म्हणा. अनुवादात तर हे आणखी गडद होतं. परकीय नायिका जपानीत आली की अशा ठसठशीत ‘स्त्रीभाषेत’ बोलते, जशी तिचा अनुवाद वाचणारी जपानी बाई स्वतः कधी बोलत नाही.

*पडताळा:* तुमच्या सिनॉप्सिसमधलं प्रत्येक विधान पेन्सिलनं १ किंवा २ असं खूण करा. ज्यावर कुठलाच आकडा टाकता येत नाही, ते खोडा.

पायरी २: स्वतःचा कान तपासा

जेएलपीटीचं प्रमाणपत्र इथे फारसं उपयोगी नाही. ती परीक्षा स्वच्छ आवाजात, एका वेळी एकच माणूस बोलत असताना होते. तुम्हाला ऐकायचे आहेत तीन मित्र, जे एकमेकांचं वाक्य तोडतात, तोंडात घास असतो आणि मागे टीव्ही चालू असतो. असं दहा मिनिटांचं कुठलंही संभाषण घ्या आणि जपानी लिपीत उतरवा. मग कुणा जपानी माणसाकडून तपासून घ्या. दर ओळीला दोन-तीन चुका निघत असतील तर संशोधन सहा महिने पुढे ढकला आणि रोज ऐका.

मराठी कानाची वेगळी अडचण आहे आणि तिच्याबद्दल कुठलंही इंग्रजी हस्तपुस्तक सांगत नाही. आपलं ‘मी’ कुणाचंही असतं, पण क्रियापद लगेच चुगली करतं: जातो, जाते. जपानीत बरोबर उलटं. ‘इकु’ (जाणे) हे क्रियापद पुरुषाचं की बाईचं ते कळायला मार्ग नाही, आणि लिंगभावाची खूण मिळालीच तर ती ‘मी’च्या जागी कोणता शब्द आला, वाक्याच्या टोकाला काय लागलं, यांत मिळते. त्यातही ‘मी’ बहुतेक वेळा गाळलेलाच असतो. व्याकरणात लिंग शोधायची सवय लागलेला आपला मेंदू मग ‘वा’ किंवा ‘ओरे’ हे शब्दच लिंगाचे प्रत्यय असल्यासारखे वापरायला लागतो. ते प्रत्यय नाहीत. ते कुणीही वापरू शकतं. प्रश्न असतो कोण, कुणाशी, कशासाठी वापरतं.

याच अडचणीवरचा उताराही मराठीतच आहे. कोल्हापूरकडची मुलगी ‘मी आलो, मी जातो’ म्हणते तेव्हा ती पुरुषी वागते आहे असं तिथल्या कुणाच्या मनातही येत नाही. पुण्यात आली की मात्र हॉस्टेलवर तिला त्यावरून चिडवतात. ईशान्य जपानच्या तोहोकू भागातल्या खेड्यातली म्हातारी ‘ओरे’ किंवा ‘ओरा’ म्हणते, तेव्हा ही कोल्हापूरची मुलगी आठवा. टोकियोतल्या शाळकरी मुलीनं मुद्दाम म्हटलेला ‘ओरे’ ही वेगळी गोष्ट आहे. शब्द एक असला तरी दोन्हींना एका रकान्यात टाकलं की संशोधन तिथेच संपलं.

पायरी ३: शीर्षकातून ‘जपानी स्त्रिया’ काढा

प्रश्न लहान करा. इतका लहान, की ऐकणाऱ्यानं ‘बस, एवढंच?’ असं विचारावं.

चार गोष्टी ठरल्याशिवाय पुढे जायचं नाही: गाव, वय, प्रसंग आणि समोरचा माणूस. ‘जपानी तरुणी’ हा गट होत नाही. ‘ओसाकात वाढलेल्या, पहिल्या नोकरीत असलेल्या पंचविशीतल्या मुली, जेवणाच्या सुट्टीत, बरोबरीच्या सहकाऱ्यांशी’ हा होतो.

गाव का? कारण तक्त्यातली भाषा टोकियोच्या प्रमाणभाषेची आहे. ओसाका-क्योतोच्या कन्साई भागात ‘वा’ उतरत्या स्वरात स्त्री-पुरुष सगळेच लावतात. ‘उचि’ हा ‘मी’ मूळचा कन्साईच्या मुलींचा; तो पुढे टोकियोतल्या तरुण मुलींतही पसरला, तेव्हा एकच शब्द दोन गावांत दोन गोष्टी सांगतो. ब्राझीलमधल्या जपानी वसाहतींत, जिथे १९०८ पासून स्थलांतर झालं, पश्चिम जपानच्या बोली आणि पोर्तुगीज यांची सरमिसळ होऊन जी भाषा तयार झाली तिला तिथले लोक कोलोनिया-गो म्हणतात. तिथे टोकियोचा तक्ता घेऊन जाणं म्हणजे सावंतवाडीत नागपूरचा नकाशा उघडण्यासारखं आहे.

आणि जपानला जायलाच हवं असंही नाही. चाकण-रांजणगावच्या कारखान्यांत मराठी मुली दुभाषी म्हणून काम करतात. त्यांचं वर्गातलं जपानी बहुतेक शिक्षिकांकडून आलेलं, कारखान्यातलं जपानी पुरुष इंजिनियरांकडून. बैठकीत त्या कोणता ‘मी’ वापरतात आणि चहाच्या टपरीवर कोणता? हा प्रश्न पुण्यातून सुटण्याजोगा आहे आणि तो पाठ्यपुस्तकात सापडणार नाही.

*सावधान:* फक्त बायकांवर काम करायचं ठरवत असाल तर त्याचं कारण एका वाक्यात लिहून दाखवा. पुरुषांचं बोलणं म्हणजे ‘साधं जपानी’ आणि बायकांचं तेवढं ‘वेगळं’, असं गृहीत धरलं जातंय का ते बघा. पुरुषांची प्रत्यक्ष संभाषणं तपासली गेली तेव्हा ‘झो’ आणि ‘झे’ फार थोडे सापडले. तक्त्याचा दुसरा रकानाही पहिल्याइतकाच पोकळ आहे.

पायरी ४: नवं रेकॉर्ड करण्याआधी असलेलं ऐका

ही पायरी सगळे गाळतात. टोकियोजवळ ताचिकावाला राष्ट्रीय जपानी भाषा संशोधन संस्था आहे आणि तिचे कॉर्पस, म्हणजे भाषेचे शोधता येण्याजोगे मोठे संग्रह, ‘चुनागोन’ या शोधप्रणालीत नोंदणी करून घरबसल्या शोधता येतात. मात्र कोणता कशासाठी ते नीट समजून घ्या.

दैनंदिन संभाषणांचा कॉर्पस, जो २०२२ मध्ये पूर्ण खुला झाला, तुमच्या सगळ्यात कामाचा. त्यात २०० तासांचं बोलणं आहे: घर, ऑफिस, हॉटेल, प्रवास. रेकॉर्डिंग करणारी मुख्य माणसं निम्मी स्त्रिया, निम्मे पुरुष अशी, वयोगट सांभाळून निवडलेली आहेत. मर्यादा एवढीच, की ती टोकियो आणि आसपासची आहेत.

२००४ चा ‘बोली जपानी’ कॉर्पस साडेसहाशे तासांहून मोठा आहे, पण त्यात बहुतेक भाषणं आहेत. भाषणात कोण ‘काशिरा’ म्हणणार? तिथे एखादा शब्द सापडला नाही म्हणून तो भाषेतून गेला असं लिहू नका. दहा कोटी शब्दांचा लिखित कॉर्पसही आहे. त्यातले कादंबरीतले संवाद म्हणजे लेखकानं रचलेलं बोलणं, म्हणजे पुन्हा पहिली वही. नागोया विद्यापीठाच्या संभाषण कॉर्पसमध्ये मोकळ्या गप्पा भरपूर आहेत, पण बोलणाऱ्यांत स्त्रिया कितीतरी जास्त. सरळ तुलना करायला बसलात तर फसाल. कामाच्या जागी बायका कशा बोलतात याचं रेकॉर्डिंग १९९७ मध्ये आणि पुरुषांचं २००२ मध्ये पुस्तकरूपानं आलं, ते आजही ऑफिसच्या बोलण्यासाठी उत्तम.

निदान पाच तास नुसतं ऐका, काहीही न मोजता. तक्त्यातले शब्द किती कमी येतात हे स्वतःच्या कानांनी ऐकलं, की अर्धं काम झालं.

पायरी ५: परवानगी आणि ओळख

आधी एथिक्स कमिटी, मग माणसं, मग रेकॉर्डर. गाइड म्हणतील ‘आधी थोडा डेटा आणा, मग अर्ज करू’. नम्रपणे नाही म्हणा. परवानगीआधीचं रेकॉर्डिंग पुढे कुठेच वापरता येत नाही, आणि जपानमध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २००३ पासून आहे.

संमतिपत्र, म्हणजे दोउइशो, जपानीत लिहा आणि ते जपानी माणसाकडून वाचून घ्या. त्यात हे हवंच: आवाज कोण ऐकणार, किती वर्षं ठेवणार, कोणत्या तारखेपर्यंत माघार घेता येईल, आणि रेकॉर्डिंगमध्ये अचानक येऊन बसलेल्या तिसऱ्या माणसाचं काय. हा तिसरा माणूस दर वेळी येतो. शेजारीण डबा परत द्यायला येते, बॉस डोकावतो. त्यांची सही नसेल तर तेवढा भाग कापायचा, हे आधीच लिहून ठेवा.

लिंगाचा प्रश्न फॉर्मवर कसा विचारता? दोन चौकोन देऊ नका. ‘सेइबेत्सु’ लिहून पुढे रिकामी रेघ द्या. ती रिकामी सोडायचीही मुभा हवी. ज्याच्या त्याच्या लिहिण्याप्रमाणे नोंद करा. आणि एखाद्याच्या बोलण्यावरून तो समलैंगिक आहे किंवा ट्रान्स आहे असा अंदाज प्रबंधात कधीही बांधू नका. छोट्या गटात नाव बदलूनही माणूस ओळखू येतो.

माणसं मिळतात ओळखीतून. थेट ई-मेल पाठवून फार काही हाती लागत नाही. मधला माणूस, म्हणजे शोकाइ करणारा, हवाच. ‘केन्तो शिमासु’ असं उत्तर आलं, म्हणजे ‘विचार करून सांगतो’, तर ते बहुधा ‘नाही’ असतं. पुन्हा पुन्हा विचारून मधल्या माणसाची पंचाईत करू नका. खाऊ न्या, पण वेगवेगळा गुंडाळलेला, ऑफिसात एकेकाला देता येईल असा. बाकरवडीचं मोठं पाकीट फोडून वाटायचं कसं या विचारात पडलेलं एक अख्खं ऑफिस मी पाहिलं आहे.

पायरी ६: रेकॉर्डिंग: तुम्ही तिथे नसणं महत्त्वाचं

माझं पहिलं रेकॉर्डिंग एका घरगुती जेवणाचं होतं. आई, दोन मुली, एक मावशी. मी रेकॉर्डर टेबलावर ठेवला आणि सोबत जेवायला बसलो. दीड तास सगळ्या जणी माझ्याशी आणि एकमेकींशीही ‘देसु-मासु’त, म्हणजे औपचारिक जपानीत, बोलत राहिल्या, सावकाश, सुट्या सुट्या शब्दांत. पाहुण्याशी आणि त्यातून परदेशी पाहुण्याशी बोलायची ती भाषा. शेवटी मी भांडी आवरायला स्वयंपाकघरात गेलो. परत येऊन ऐकतो तर त्या बारा मिनिटांत मावशीनं धाकटीला एका दमात झापलेलं. दीड तासातली तेवढीच बारा मिनिटं कामाची निघाली.

तेव्हा रेकॉर्डर द्या आणि निघून जा. माणसांनाच बटण दाबू द्या. तरी हे लक्षात ठेवा:

- एका माणसाची किमान दोन रेकॉर्डिंग, दोन वेगळ्या माणसांबरोबर. मुलगी मैत्रिणीशी आणि मुलगी वरिष्ठांशी. एकाच प्रसंगावरून ‘ती अशी बोलते’ असं म्हणता येत नाही.
- पहिली दहा मिनिटं मोजणीतून वगळा. तोवर सगळ्यांचं लक्ष यंत्राकडे असतं.
- कोण कुठे बसलं त्याची चिठ्ठी त्यांच्याकडूनच करून घ्या. दोन बहिणींचे आवाज वेगळे करताना ती चिठ्ठी नसेल तर रडू येतं.
- प्रत्येकाचं वय, पंधरा वर्षांपर्यंत कुठे वाढला, काम काय, समोरच्याशी नातं काय. वाढलेलं गाव हे आजच्या पत्त्यापेक्षा महत्त्वाचं.
- त्याच रात्री दोन प्रती.

पायरी ७: उतरवणं

जपानी लिपीतच उतरवा. रोमन लिपीत उतरवलं की वाक्यशेवटचा ‘वा’ आणि विषय दाखवणारा ‘वा’ एकसारखे दिसतात. जपानीत ते वेगळ्या अक्षरांनी लिहिले जातात. मी स्वतः रोमनमध्ये उतरवून शोध लावला होता आणि एका निवृत्त पोस्टमनच्या बोलण्यात प्रचंड ‘स्त्रीत्व’ सापडलं होतं.

‘वा’च्या पुढे स्वराची खूण हवीच: चढता की उतरता. ती एक खूण नसेल तर सगळा डेटा आंधळा. एलान नावाचं मोफत सॉफ्टवेअर वापरा. त्यात आवाज, ओळी आणि खुणा एकमेकांना बांधलेल्या राहतात. अडखळणं, हसणं, अर्धवट सोडलेली वाक्यं सगळं तसंच ठेवा.

मराठी भाषांतर सर्वांत शेवटी, आणि ते तीन ओळींत. एक छोटं, मी रचलेलं वाक्य बघा: ‘मो काएरु वा’.

पहिली ओळ, ऐकलं तसं: मो काएरु वा, स्वर उतरता.
दुसरी ओळ, शब्दशः: आता – परतणे, चालू किंवा पुढचा काळ – वाक्यशेवट.
तिसरी ओळ, अर्थ: ‘आता निघायला हवं.’

तिसऱ्या ओळीत ‘निघते’ लिहिलं असतं तर? वाचणाऱ्यानं लगेच बाई डोळ्यांपुढे आणली असती, आणि ओसाकाचा पन्नाशीचा टॅक्सीवाला हेच वाक्य याच स्वरात म्हणतो. मराठीत लिंग न सांगता बोलायच्या वाटा आहेत: ‘निघायला हवं’, ‘मला जायचंय’, ‘चला आता’. भाषांतरात त्याच धरा. जिथे नाइलाजानं ‘जातो’ किंवा ‘जाते’ लिहावंच लागेल तिथे ते तुम्ही घातलेलं आहे, जपानीत नाही, अशी खूण करा.

*पडताळा:* फक्त मराठी ओळी मित्राला वाचायला द्या आणि बोलणारा कोण ते विचारा. त्याला खात्रीनं ओळखता आलं, तर तुम्ही जपानीत नसलेलं काहीतरी मराठीत घातलंय.

पायरी ८: मोजणी

आता कुठे मोजायचं. आणि पहिला प्रश्न: कशापैकी किती? ‘हजार शब्दांत चार वेळा’ हा आकडा निरर्थक आहे. जिथे तो शब्द येऊ शकला असता अशा जागा आधी मोजा. अनौपचारिक वाक्यांचे शेवट साडेतीनशे, त्यांतले ‘नोयो’ दोन; असं लिहिलं की काहीतरी कळतं. नसलेल्या गोष्टीही मोजाव्या लागतात. ‘किरेइ दा ने’ (‘सुंदर आहे, नाही?’) ऐवजी ‘किरेइ ने’ म्हणणं, मधला ‘दा’ गाळणं, हे स्त्रीलक्षण म्हणून सांगितलं जातं. गाळलेलं शोधप्रणालीत सापडत नाही. हातानं शोधावं लागतं.

फसवणाऱ्या जागा ठरलेल्या आहेत. दुकानदार चार वर्षांच्या मुलाला ‘बोकु, इकुत्सु?’ (‘बाळ, वय किती?’) विचारतो. ‘बोकु’ हा एरवी मुलांचा ‘मी’, पण तिथे ‘बोकु’चा अर्थ ‘तू’ आहे, दुकानदाराचा ‘मी’ नाही. कन्साईत ‘जिबुन’ (‘स्वतः’) हाही असाच समोरच्यासाठी वापरतात. ‘दोको इकु नो?’ (‘कुठे जायचंय?’) मधला प्रश्नार्थी ‘नो’ सगळेच वापरतात, विधानाच्या शेवटचा ‘नो’ वेगळा. दोन्ही एका रकान्यात टाकू नका. आदरार्थी क्रियापदं आणि शब्दाआधीचा ‘ओ’ हे तर मुळीच ‘स्त्रीभाषेत’ धरू नका. ते पद, ओळख आणि प्रसंगावर अवलंबून असतं. बँकेच्या काउंटरवरचा तरुण आणि तरुणी दोघेही सारखंच आदबशीर बोलतात.

सगळ्यांत मोठी फसगत नकलेची. मुली ‘आरा, मा, सुतेकि दावा’ (‘अगबाई, किती छान!’) असं म्हणून श्रीमंत बाईची नक्कल करतात आणि खो-खो हसतात. मुलगा आईचा आवाज काढून दाखवतो. यासाठी वेगळा कोड, म्हणजे वर्गवारीची खूण, हवा: ‘दुसऱ्याचा आवाज’. तरुणांच्या गप्पांतले तक्त्यातले शब्द या कोडात किती जातात ते मोजा. तुमच्या प्रबंधातलं सर्वांत वाचनीय प्रकरण बहुधा तिथेच असेल.

डेटाचा दहावा हिस्सा दुसऱ्या कुणाकडून, तुमचे कोड न दाखवता, पुन्हा कोड करून घ्या. जुळलं नाही तर व्याख्या बदला आणि पहिल्यापासून करा. कंटाळवाणं आहे.

पायरी ९: परत जाऊन ऐकवा

मुलाखत आता. रेकॉर्डिंगच्या आधी मुलाखत घेतली की माणसं सावध होतात आणि ‘शोधतायत ते’ बोलायला लागतात.

त्यांच्याच बोलण्यातले वीस सेकंदांचे तुकडे ऐकवा आणि शक्य तितकं कमी विचारा. ‘इथे काय चाललं होतं?’ ‘हेच ऑफिसात म्हणाला असतात?’ एवढं पुरतं. ‘तुम्ही बायकी का बोललात’ किंवा ‘पुरुषी शब्द का वापरलात’ असं विचारलं, की समोरचा माफी मागायला लागतो आणि पुढचा अर्धा तास भाषा बिघडल्याबद्दलचं प्रवचन मिळतं. मिळालंच तर लिहून घ्या; पहिली वही.

मियाझाकी आयुमी यांनी माध्यमिक शाळेतल्या मुलामुलींच्या ‘मी’वर केलेलं काम यासाठी वाचा. तिथे काही मुली ‘बोकु’ आणि ‘ओरे’ वापरत होत्या, आणि मुलांमध्ये ‘बोकु’ म्हणणारा लेचापेचा समजला जाई. हे अर्थ मुलांनीच सांगितलेले, त्यांच्या वर्गातल्या टोळ्यांच्या हिशेबातले. स्त्री-पुरुष असे दोन रकाने घेऊन गेलेल्याला ते दिसलेच नसते.

पायरी १०: लिहिणं आणि परत करणं

लिहिताना ‘जपानी स्त्रिया’ हा शब्दप्रयोग शोधून काढा आणि प्रत्येक ठिकाणी ‘या सहा जणी’ असं करून बघा. वाक्य टिकत असेल तर ठेवा. टिकत नसेल तर ते वाक्य तुमच्या डेटातून आलेलं नाही. दोन्ही वह्यांची प्रकरणं वेगळी ठेवा आणि त्यांच्यातली तफावत तिसऱ्या प्रकरणात मांडा: जी मावशी मुलाखतीत ‘मुलींनी सौम्य बोलावं’ म्हणते, तीच जेवणाच्या टेबलावर काय बोलते.

टोपणनावं देताना गाव आणि नोकरी दोन्ही लिहू नका. दोन हजार वस्तीच्या गावातली एकुलती एक दंतवैद्य बाई टोपणनावानं लपत नाही.

शेवटी एक पानाचा सारांश, सोप्या जपानीत, प्रत्येक सहभागी माणसाला पाठवा. वयस्कर माणसांना छापून, मोठ्या अक्षरात, टपालानं. प्रबंध जमा करण्याआधी तीन आठवडे तरी पाठवा, म्हणजे उत्तर आलं तर दुरुस्ती करता येईल. माझ्या त्या बारा मिनिटांतल्या मावशीचं उत्तर पोस्टकार्डावर आलं होतं. एका वाक्याखाली लाल रेघ मारून तिनं लिहिलं होतं, की हे मी रागानं म्हटलं नव्हतं, माझ्या सासूची नक्कल करत होते. मला तो कोड बदलावा लागला.